घरी जायचंय म्हणणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

वाचकांचे प्रश्न : स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळताना

घरात डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा पेशंट असलेल्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. नाशिक शहर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प, निफाड अशा ठिकाणांहून ते आले. बऱ्याच पत्रांत एक शब्द सारखा येतो : 'मुद्दाम'. मुद्दाम अंघोळ करत नाहीत, मुद्दाम तेच तेच विचारतात. पण मुद्दाम काही करायचं तर मागचं लक्षात ठेवावं लागतं आणि पुढचं ठरवावं लागतं. या आजारात नेमकं तेच आधी जातं. त्यामुळे खालच्या उत्तरांमध्ये आम्ही प्रत्येक वेळी आधी कारण शोधलं आहे.

प्रश्न : सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. अल्झायमरचं निदान होऊन दोन वर्षं झाली. दिवसभर बऱ्या असतात, पण संध्याकाळी पाच वाजले की 'मला घरी जायचंय' सुरू होतं. पिशवीत दोन पातळं, एक डाव आणि टीव्हीचा रिमोट भरून दाराशी उभ्या राहतात. 'अहो, हेच तुमचं घर, २२ वर्षं इथेच राहताय' असं सांगितलं की रडतात, नाहीतर अंगावर येतात. काय करू?
(एक सून, इंदिरानगर)

उत्तर : 'हेच तुमचं घर' हे सांगणं आधी थांबवा. ते खरं आहे, पण सांगून सांगून तुमचाच घसा बसेल. या आजारात अलीकडच्या आठवणी आधी जातात, जुन्या जास्त टिकतात. २२ वर्षांपूर्वी घेतलेला फ्लॅट त्यांच्या हिशेबी परक्याचाच. त्यांच्या मनातलं घर माहेरचं असेल, नाहीतर मुलं लहान असतानाचं. पुष्कळदा तर 'घर' ही जागाही नसते. लघवीला लागली आहे, गुडघा ठणकतोय, भूक लागली आहे, आवाज फार होतोय, यातलं काही सांगायला शब्द सापडला नाही की 'घरी जायचंय' एवढंच तोंडात येतं.

आता पाचच का, ते बघा. दिवसभर सगळं समजून घेण्याच्या धडपडीत मेंदू संध्याकाळपर्यंत थकलेला असतो. उजेड उतरतो, सावल्या लांबतात, खिडकीच्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि ते कोणीतरी परकं माणूस वाटतं. त्याच वेळी मुलं क्लासहून येतात, बेल वाजते, कुकरच्या शिट्ट्या होतात, टीव्हीवर बातम्या ओरडत असतात. आयुष्यभर ज्या वेळी त्या घराकडे परतायच्या किंवा स्वयंपाकाला लागायच्या, तीही हीच वेळ.

एक वही घ्या आणि सात दिवस चार रकाने भरा : किती वाजता सुरू झालं, त्याआधीच्या अर्ध्या तासात घरात काय चाललं होतं, त्या काय म्हणाल्या किंवा काय केलं, आणि कशाने शांत झाल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कारणं दिसू लागतात. डॉक्टरांनाही 'हल्ली फार त्रास देतात' या वाक्यापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते.

दुपारची झोप तीनच्या आत संपवा, ती अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त नको. चारनंतर चहा नको. साडेचारला बाथरूमला न्या आणि काहीतरी खायला द्या. अंधार पडायची वाट न बघता सगळे दिवे लावा. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवे साडेपाचलाच लागले पाहिजेत. पडदे ओढा, टीव्ही बंद करा. पाचच्या आधी हातात काम द्या : मेथी निवडणं, लसूण सोलणं, वाती वळणं. मेथीत काड्या राहिल्या तरी बोलू नका. ती जुडी भाजीसाठी नाही, त्यांच्यासाठी आणली आहे असं समजा.

तरीही दाराशी गेल्या तर समोर आडव्या उभ्या राहू नका, दंड धरू नका, पिशवी काढून घेऊ नका. शेजारी उभ्या राहा आणि म्हणा, 'जायचंय ना? चला, मीपण येते. आधी दोन घास खाऊन घेऊ.' घरी कोण कोण असतं, दारात कुठलं झाड होतं, ते विचारा. खाऊनही ओढ राहिली तर चपला घालून इमारतीभोवती दहा मिनिटं फिरवून आणा. परत येताना दार तुम्ही उघडा आणि 'आलो घरी' म्हणा. पुष्कळ जणांचं एवढ्यावर निभावतं. 'जाऊ' म्हणण्यात आम्हाला फसवणूक वाटत नाही. मात्र 'रिक्षा बोलावली आहे, येतेच आहे' असा तपशील रचू नका, नाहीतर त्या तासभर रिक्षाची वाट बघत दाराशीच बसतील.

एका वेळी एकानेच बोलायचं. नवरा, मुलगा आणि तुम्ही तिघं मिळून समजावायला लागलात की त्यांना फक्त गलका ऐकू येतो.

प्रश्न : वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत, वय ७९. दहा-दहा दिवस अंघोळ करत नाहीत. अंगावर पाणी घेतलं की ओरडतात, परवा माझ्या बायकोला ढकललं. स्वभाव मुळीच असा नव्हता.
(मुलगा, जेलरोड)

उत्तर : त्यांच्या बाजूने बघा : दुसऱ्याच्या हुकमावर कपडे काढायचे, थंडगार फरशीवर उभं राहायचं आणि मग कोणीतरी डोक्यावर तांब्या ओततं. डोक्यावर अचानक पाणी पडलं की श्वास कोंडल्यासारखं होतं. त्यात सून समोर असली तर लाजही असते, आणि लाज आठवणींपेक्षा जास्त दिवस टिकते.

सगळ्यात आधी वेळ बदला. नोकरीत असताना ते किती वाजता अंघोळ करायचे? ३० वर्षं पहिल्या पाळीसाठी पहाटे आवरणाऱ्या माणसाला सकाळी अकराला बाथरूममध्ये नेलं की अवेळी काहीतरी चाललंय असं वाटतं. उलटंही होतं. काही जण ड्यूटीवरून आल्यावरच अंघोळ करायचे, त्यांना संध्याकाळीच न्यावं. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट सोडा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. मधल्या दिवशी तोंड, काखा, जांघा आणि पाय कोमट ओल्या पंच्याने पुसून कोरडे केले की काम झालं.

तयारी सगळी आधी करा, माणूस नंतर आत न्या. पाणी विसणून ठेवा आणि हात नव्हे, कोपर बुडवून बघा. स्टूल त्यांच्या गुडघ्याच्या उंचीचं हवं, चारही पायांना रबरी बूट असलेलं. आधाराला स्टीलचा दांडा भिंतीत बोल्टने बसवून घ्या. टॉवेलच्या दांडीवर भरवसा नको. ती टॉवेलचं वजन पेलायला असते, ७० किलोच्या माणसाचा तोल गेला तर भिंतीतून निघून हातात येते. घसरू नये म्हणून मॅट घ्याल तर काळी घेऊ नका. रंगाची आणि खोलीची जाण कमी झालेल्या माणसाला काळा चौकोन खड्डा वाटतो आणि तो पाऊल टाकत नाही. पांढऱ्या फरशीवर पांढरी बादलीही दिसत नाही, निळी किंवा लाल घ्या. आतली कडी काढून टाका. थंडीत खोली आधी गरम करायला गरम पाण्याची एक बादली दार लावून पाच मिनिटं आत ठेवली तरी फरक पडतो. विजेचा हीटर बाथरूममध्ये अजिबात नको.

पाणी पायांपासून सुरू करा. पाय, मग मांड्या, हात, पाठ. डोकं शेवटी, आणि ते वेगळ्या दिवशी धुतलं तरी चालतं. खांद्यावर आणि मांडीवर कोरडा टॉवेल ठेवा, जिथे धुताय तेवढाच भाग उघडा. तांब्या त्यांच्या हातात द्या, त्यावर तुमचा हात ठेवा. एका वेळी एकच वाक्य : 'पाय पुढे.' तो आला की मग 'साबण.' 'चला बाबा, कपडे काढा, बसा, पटकन आवरा, मला ऑफिसला जायचंय' यात चार सूचना आहेत, त्यांच्यापर्यंत फक्त घाई पोचते. सुनेऐवजी तुम्ही स्वतः किंवा पुरुष मदतनीस असेल तर ढकलाढकली बहुधा कमी होईल. ओरडायला लागले तर टॉवेल गुंडाळून बाहेर आणा आणि तासाभराने, जमलं तर दुसऱ्या माणसाकडून, पुन्हा विचारा.

स्वभाव एकाएकी बदलला असेल तर दात, कान, बद्धकोष्ठ, अंगावरचे चट्टे आणि बसताना दुखणारा सांधा, एवढं एकदा तपासून घ्या.

प्रश्न : आईचा विसरभोळेपणा तीन वर्षांपासून आहे, पण गेल्या चार दिवसांत एकदम बिघडलं. दिवसा गुंगीत असते, रात्रभर बडबडते, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणते. आजार पुढच्या टप्प्यात गेला का?
(निफाड)

उत्तर : हे वाचेपर्यंत तिला डॉक्टरकडे नेलं नसेल तर आज न्या. डिमेन्शिया महिन्यां-वर्षांत हळूहळू वाढतो, चार दिवसांत नाही. काही तासांत किंवा दिवसांत शुद्ध अशी कमी-जास्त होणं म्हणजे डेलिरियम, आणि त्यामागे बहुधा बरं होण्यासारखं कारण असतं : लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर कमी-जास्त होणं, शौच किंवा लघवी अडकणं, पाणी कमी पडणं. निफाडच्या थंडीत म्हातारी माणसं पाणी पिणं जवळजवळ सोडतात, हेही लक्षात घ्या. नवीन सुरू झालेलं औषधही कारण असू शकतं. दुकानातून आणलेली सर्दीची गोळी साधी वाटते, पण तिच्यातलं क्लोरफेनिरामिन मेंदूला गोंधळवतं. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. गेल्या काही आठवड्यांत डोकं आपटलं असेल, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्यात हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. हे पहिल्या मिनिटाला सांगा.

जाताना सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घ्या, आयुर्वेदिक आणि शेजारणीने दिलेल्यासुद्धा. शेवटचं शौच कधी झालं आणि शेवटची लघवी कधी, ते लिहून न्या. लघवीची तपासणी आणि कल्चर, रक्तपेशी, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, आणि पडल्याचा इतिहास असेल तर सीटी स्कॅन, एवढं साधारण होतं. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी विसरू नका, त्यांच्याशिवाय गोंधळ वाढतो. दवाखान्यात ओळखीचं एकच माणूस शेजारी असावं, दर तासाला नवा चेहरा नको. रात्री शांत झोपावी म्हणून घरात पडलेली जुनी गोळी देऊ नका.

प्रश्न : स्मृतिभ्रंशावरच्या डोनेपेझिलच्या गोळीने काकांचं पोट बिघडायचं, म्हणून डॉक्टरांनी रिव्हास्टिग्मिनचा पॅच, म्हणजे अंगावर चिकटवायची औषधाची पट्टी, दिला. आता उलट्या होतात, नाडी ५० च्या आत येते.
(देवळाली कॅम्प)

उत्तर : शर्ट काढून पूर्ण पाठ बघा आणि पॅच मोजा. जुना न काढता नवा लावला जाणं ही या औषधातली नेहमीची चूक आहे. सकाळी एक जण लावतो, दुसऱ्या दिवशी दुसरा. एकाहून जास्त सापडले तर सगळे काढा. एकच सापडला तरी या लक्षणांवर तोही काढा आणि लगेच डॉक्टर गाठा.

पुढे लावायचा ठरला तर रोज एकाच माणसाने, ठरलेल्या वेळी, आधी जुना काढून मगच नवा. लावण्यापूर्वी पॅचवर बॉलपेनने तारीख लिहा. जागा पाठीच्या वरच्या भागात, त्यांचा हात पोचणार नाही अशी. तीच जागा १४ दिवस पुन्हा नको. अंघोळीआधी तेल चोळायची सवय असेल तर त्या भागाला तेल लावू नका, पॅच धरत नाही. लावल्यावर तळहाताने ३० सेकंद दाबा. काढलेला पॅच चिकट बाजू आत घडी करून टाका आणि हात धुवा, कारण त्यात औषध शिल्लक असतं. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर आधीच्याच ताकदीचा पॅच आपल्या मनाने लावू नका. बहुधा कमी ताकदीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे. रोज पहाटे काळाराम मंदिरात एकटे जाऊन येतात. गेल्या महिन्यात आडगाव नाक्यापलीकडे महामार्गाच्या कडेला सापडले. आई म्हणते, त्यांचं मंदिर बंद करू नका. आणि २०२७ च्या सिंहस्थात पंचवटीत आम्ही काय करणार आहोत?
(पंचवटी)

उत्तर : आईचं म्हणणं बरोबर आहे, पण एकटं जाणं आता संपलं. त्यांच्या सोबत, किंवा दहा पावलं मागे, कोणीतरी हवंच. 'लक्ष ठेवायला आलो' म्हणू नका, 'मलाही दर्शन घ्यायचंय' म्हणा.

शर्टाच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली, कापडी पट्टी शिवून घ्या. तिच्यावर नाव आणि दोन मोबाइल नंबर, पत्ता नको. गळ्यातलं ओळखपत्र ते काढून ठेवतील, शिवलेली पट्टी राहते. जीपीएसचं घड्याळ घेणार असाल तर ते रात्री चार्जिंगला कोण लावणार हे आधी ठरवा. बंद पडलेलं यंत्र नुसता खोटा धीर देतं. दाराला वरच्या टोकाला, नजरेच्या टप्प्याबाहेर, दुसरी कडी आणि उघडताच वाजेल अशी घंटी लावा. माणूस आत एकटा ठेवून बाहेरून कुलूप कधीही लावू नका, आग लागली किंवा गॅस सुटला तर त्याला बाहेर पडता येणार नाही. कोपऱ्यावरचा चहावाला, दूधवाला, रिक्षा थांबा आणि मंदिराबाहेरचे फुलवाले यांना फोटो दाखवून आजार सांगून ठेवा. लपवण्यात काही मिळत नाही.

दिसेनासे झाले तर पहिली पाच मिनिटं घर, गच्ची, जिना, पार्किंग, बाथरूम. त्यानंतर एकाने घरीच थांबायचं, ते परत येऊ शकतात. बाकीच्यांनी दोन दिशा वाटून घ्यायच्या. तुमच्या भागात पहिली दिशा नदीची : रामकुंड आणि दोन्ही बाजूंचे घाट. पाण्याचा धोका सर्वांत मोठा, म्हणून आधी तिकडे. दुसरी दिशा जुन्या सवयीची : पूर्वीचं घर, पूर्वीचं ऑफिस, बसथांबा. १५ मिनिटांत सापडले नाहीत तर ११२ लावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात बेपत्ता असल्याची नोंद करा. '२४ तास थांबा' असा नियम नाही. मोबाइलमध्ये त्यांचा दर महिन्याला काढलेला ताजा फोटो ठेवा. ते घरातून निघताना कोणते कपडे घातले होते, ते सांगता आलं पाहिजे.

सिंहस्थाबद्दल : सवयीवर चालणाऱ्या माणसाला सवयीचा रस्ता बंद झाला की पुढचा सुचत नाही. पर्वणीच्या दिवसांत बॅरिकेड, एकेरी रस्ते, ध्वनिक्षेपक सगळं असणार. त्या दिवसांपुरतं गावाला हलवायचं असेल तर आदल्या दिवशी नेऊ नका. आठवडाभर आधी न्या, नेहमीची उशी, पांघरूण आणि देवाचा फोटो बरोबर घ्या. नाहीतर नवी जागाच त्यांना हैराण करेल.

प्रश्न : आजोबांना रविवारी मिसळ लागतेच, पण हल्ली ठसका लागतो.
(कॉलेजरोड)

उत्तर : नाशिककरांना हे सांगणं जिवावर येतं, पण गिळायला मिसळीइतका अवघड पदार्थ शोधून सापडणार नाही. पातळ रस्सा आणि कोरडं फरसाण एकाच घासात. रस्सा घशात पुढे पळतो, फरसाण चावायचं राहतं, आणि वर तिखट. मटकी मऊ शिजवून, रस्सा दाट करून, फरसाणाऐवजी त्यात पाव भिजवून कुस्करून द्या. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, चमचा अर्धाच भरा, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नको. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. जेवणात टीव्ही बंद. ठसके वाढले, आवाज ओलसर झाला किंवा वारंवार ताप आला तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे न्या.

प्रश्न : बाबांच्या सह्या आता जुळत नाहीत. आमच्याकडे त्यांचं कुलमुखत्यारपत्र आहे, त्यावर बँकेचं आणि फ्लॅटचं काम होईल ना?
(गंगापूररोड)

उत्तर : इथे बरीच कुटुंबं फसतात. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, नेमकं त्या दिवशी ते चालत नाही. नॉमिनीचंही तसंच आहे, त्याचा संबंध मृत्यूनंतर. खातेदार हयात असताना नॉमिनीला खातं चालवता येत नाही. दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं संयुक्त खातं, वेळ असताना केलेलं, हे रोजच्या खर्चासाठी सर्वांत उपयोगी पडतं.

आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि त्यांना व्यवहार समजत असेल तर मृत्युपत्र आता करून घ्या. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी, आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं क्षमतेचं प्रमाणपत्र सोबत ठेवावं. क्षमता गेली असेल तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडे येतो. वेळ आणि पैसा दोन्ही जातं, म्हणून फ्लॅट विकायची घाई असेल तर आधी वकिलाला हे विचारा, गिऱ्हाइकाला नंतर.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसे उमटत नसतील तर 'जीवन प्रमाण' या सरकारी डिजिटल दाखल्याच्या सेवेत चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. वयाची ८० वर्षं पूर्ण झालेल्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

प्रश्न : आईला मी एकटी सांभाळते. भाऊ पुण्याला, दिवसातून दोनदा फोन करतो. सहा महिने सलग झोप नाही. काल तिने ताट भिरकावलं आणि माझा हात उगारला गेला. मारलं नाही, पण स्वतःची भीती वाटते. कुठे शिकायला मिळेल का?
(सिडको)

उत्तर : आधी कालचं. राग चढतोय असं जाणवलं की तिला सुरक्षित बसवा, गॅसचं बटण बघा, सुरी-कात्री उचला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार लोटून घ्या. दहा मिनिटं. ती ओरडली तरी दहा मिनिटं. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या सोयी-योजनांसाठी एल्डरलाइन १४५६७. आणि तुमच्या झोपेसाठी तुम्ही स्वतःच्या डॉक्टरकडे जा, आईच्या तपासणीला जोडून नव्हे, वेगळ्या दिवशी.

भावाला 'मदत कर' म्हणू नका, ते हवेत विरतं. तारीख मागा : दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार, शनिवारी सकाळी दहाला त्याने पोचायचं आणि तुम्ही घराबाहेर पडायचं. त्याला जमत नसेल तर त्या दोन दिवसांच्या आणि आठवड्यातल्या तीन रात्रींच्या मदतनीसाचा खर्च त्याचा. दिवसातून दोनदा फोनवर चौकशी करण्यापेक्षा एक पूर्ण रात्र जागणं जास्त मोलाचं आहे, हे त्याला आमच्या नावाने कळवायलाही हरकत नाही.

शिकण्याबद्दल : जागतिक आरोग्य संघटनेचा 'आय-सपोर्ट' हा सांभाळणाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रम आहे. त्याचे पाच भाग : आजाराची ओळख, सांभाळणारा असणं म्हणजे काय, स्वतःची काळजी, रोजची शुश्रूषा आणि वागण्यातले बदल. भारतासाठी त्याच्यावर बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत काम झालं आहे. पहिल्या धड्यापासून सुरू करू नका. तुमचं आज जिथे अडलंय, म्हणजे वागण्यातले बदल, तो भाग आधी घ्या आणि दुसरा स्वतःच्या काळजीचा. १९९२ साली स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही देशपातळीवरची संस्था सांभाळणाऱ्यांसाठी काम करते, तिच्याकडे आधारगटांची चौकशी करा.

घराजवळ गट नसेल तर सहा-आठ जणांचा सुरू करता येतो. न्यूरोलॉजिस्टच्या किंवा मानसोपचारतज्ज्ञाच्या ओपीडीबाहेर बसणाऱ्यांतच तुमचे पहिले चार सदस्य असतात. वसाहतीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाची खोली मिळाली तर उत्तम. महिन्यातून एकदा, दीड तास, ठरलेला वार. पहिला पाऊण तास सगळ्यांचं ऐकणं, नंतर एकच विषय, अंघोळ किंवा झोप. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. औषधांची नावं सुचवायची नाहीत. तेल-काढे विकणाऱ्यांना बसू द्यायचं नाही. त्या दीड तासात आईजवळ कोण बसणार ही सोय आधी लावा. त्यावाचून गट दुसऱ्या महिन्यात बंद पडतो.

ब्यूरोकडून बाई ठेवाल तर पहिले तीन दिवस तुम्ही घरीच थांबा आणि फ्रिजवर एक पान चिकटवा : आईला कोणत्या नावाने हाक मारायची, गोळ्यांच्या वेळा, बाथरूमला दर किती तासांनी न्यायचं, कशाने चिडते, कशाने शांत होते, आणि तुमचा नंबर. 'कशाने शांत होते' ही ओळ बायांना कोणी सांगत नाही, आणि सगळ्यात जास्त तीच लागते.

प्रश्न : आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आजी रोज विचारते, 'हे अजून कसे आले नाहीत?' मम्मी खरं सांगते, आजी नव्याने रडते, अर्ध्या तासाने पुन्हा विचारते. मी दहावीत आहे. मी काय सांगू?
(एक नात, सातपूर)

उत्तर : तिने सरळ विचारलं, 'ते गेले का गं?' तर हो म्हण, जवळ बस, हात धर. पण ती 'अजून आले नाहीत' म्हणते तेव्हा तिला बातमी नको असते. त्यांच्याबद्दल विचार : किती वाजता यायचे, आल्यावर आधी काय मागायचे, सायकल कुठे लावायचे? ती बोलत राहील. आणि ती साधारण किती वाजता विचारते, ते आठवडाभर कॅलेंडरवर लिही. आजोबा पहिल्या पाळीहून साडेतीनला घरी येत असतील आणि ती सव्वातीनला विचारत असेल, तर तीनलाच चहा टाक आणि दोन कप घेऊन तिच्याजवळ बस.